नक्षी शाबूत, टायर म्हातारा

उत्तर अमेरिकेच्या महामार्गांवर धावणारे मोठे मोटरहोम म्हणजे बसच्या अथवा मालट्रकच्या जातीच्या चासीवर उभारलेले चालते घर होय. त्यात झोपण्याची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जनरेटर, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या असा सगळा संसार बसवलेला असतो, आणि मुक्कामाच्या जागी पोचल्यावर भिंतीचा भाग यंत्राने बाहेर सरकवून खोली रुंद करण्याची सोयही असते. तेथील रूढ वर्गवारीत अशा गाड्यांना ‘क्लास ए’ म्हणतात. फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेल्या पेट्रोल गाड्या या वर्गातल्या हलक्या समजल्या जातात. फ्रेटलायनर किंवा स्पार्टन यांच्या चासीवरील, मागे डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांचे भरलेले वजन मात्र पंधरा-वीस टनांपर्यंत जाते. दोन एक्सलच्या गाडीला सहा टायर लागतात, पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार. मागे आधाराचा तिसरा एक्सल असेल तर आठ. या जड गाड्यांचे टायर ट्रक आणि बसचेच असतात, म्हणजे साडेबावीस इंच व्यासाच्या रिमवर बसणारे आणि शंभर-सव्वाशे पीएसआय दाबाची हवा धरणारे. मुंबई-पुणे मार्गावरच्या शिवनेरीच्या व्होल्वो गाडीला दिसणारा २९५/८० आर २२.५ मापाचा टायर आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम ठोकून बसलेल्या एखाद्या मोटरहोमचा टायर, हे मापाने एकच असू शकतात.

माप एक असले तरी दोघांचे आयुष्य अगदी वेगळे जाते. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाकाठी लाखभर मैल तोडतो, त्यामुळे त्याच्या टायरची नक्षी दोन-तीन वर्षांत घासून जाते आणि टायर कधी बदलायचा हा निर्णय घासलेली नक्षीच घेते. मोटरहोम वर्षाला काही हजार मैल चालते आणि उरलेले महिने एका जागी, उन्हात, पूर्ण वजन पेलत उभे असते. परिणामी सात-आठ वर्षांनी त्याच्या टायरवरची नक्षी जवळपास नव्यासारखी असते, पण रबर मात्र आतून जुने झालेले असते. वाहनाचा टायर पाहताना माणसाची नजर आधी नक्षीकडे जाते, नखाने तिची खोली चाचपली जाते आणि ‘अजून बरेच चालेल’ असा निकाल दिला जातो. मोटरहोमच्या बाबतीत याच सवयीने सर्वाधिक घात होतो. या गाडीचा टायर निवडताना आणि बदलताना तीनच गोष्टींचा हिशेब करावा लागतो: टायरचे वय, प्रत्येक चाकावर प्रत्यक्ष पडणारे वजन, आणि ते वजन घेऊन ज्या वेगाने धावायचे तो वेग. नक्षी, नाममुद्रा आणि किंमत यांचा विचार त्यानंतर येतो.

रबर म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचे प्रमाण मोठे असते, आणि त्याच्या लांबलचक रेणूंत जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर हवेतील ओझोन वायू हल्ला चढवतो. साखळी तुटते, ताण असलेल्या जागी बारीक चिरा पडतात, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर, विशेषतः रिमच्या जवळ आणि नक्षीच्या खोबणीत, केसासारख्या भेगांचे जाळे दिसू लागते. हे थांबवण्यासाठी रबराच्या मिश्रणात मेण आणि ओझोनरोधक रसायने घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपतात आणि तेथे स्वतः खर्ची पडून रबराला वाचवतात. जुन्या टायरच्या बाजूवर येणारी तपकिरी झाक ही बहुधा त्याच रसायनाची असते. टायर फिरत राहिला, दबत आणि उसळत राहिला, तर ही रसायने आतून बाहेर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरमध्ये ही ये-जा मंदावते, आणि म्हणून वापराविना पडून राहणे हाच मोटरहोमच्या टायरला जडलेला मोठा रोग ठरतो.

या रसायनांपैकी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘६पीपीडी’ची आणखी एक बाजू अलीकडे उजेडात आली आहे. सिअ‍ॅटल परिसरातील ओढ्यांमध्ये पावसानंतर अंडी घालण्यासाठी आलेले कोहो सामन मासे मोठ्या संख्येने का मरतात, याचा शोध वॉशिंग्टन राज्यातील संशोधक बरीच वर्षे घेत होते. या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारे संयुग, ‘६पीपीडी-क्विनोन’, टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडते आणि पावसाच्या पाण्यातून ओढ्यात जाते, हे त्या मृत्यूंचे कारण असल्याचे त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये मांडले. कॅलिफोर्नियाने त्यानंतर टायर उत्पादकांना या रसायनाचा पर्याय शोधण्याच्या दिशेने ढकलले आहे. टायरला दीर्घायुषी करणारे द्रव्यच माशांचा काळ ठरावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही आणि मोटरहोमचा मालक तो सोडवू शकत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या चिरांपेक्षा आतली झीज अधिक धोकादायक असते. टायरमधली दाबाखालची हवा, आणि तिच्यातला प्राणवायू, रबराच्या थरांतून सतत बाहेरच्या दिशेने झिरपत असतो. वाटेत तो रबराशी संयोग पावून त्याला कडक आणि ठिसूळ करतो. उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्याने होते. आजच्या ट्रक टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात, आणि या पट्ट्यांच्या कडांजवळचे रबर सर्वाधिक ताण सोसते. ते ठिसूळ झाले की पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात, आणि एके दिवशी भर वेगात नक्षीचा सबंध पट्टाच उचकटून निघतो. ही सुटण्याची क्रिया बाहेरून दिसत नाही. एखादा टायर बाजूने तुकतुकीत दिसत असताना आतून संपलेला असू शकतो. किंबहुना पेट्रोलजन्य द्रव्ये असलेले चकाकीचे पॉलिश लावून तुकतुकीत केलेल्या टायरकडे अधिकच संशयाने पाहावे, कारण अशी पॉलिशे रबरातील संरक्षक रसायनेच ओढून काढतात.

टायरचे वय कळण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही, ते टायरवर लिहिलेले असते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमानुसार प्रत्येक टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ उठवलेली असते आणि २००० सालापासून तिच्या शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५२१’ असे अंक असतील तर तो टायर २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुमारास, साच्यातून बाहेर पडला. शेवटी तीनच अंक असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे, आणि त्याबद्दल अधिक चर्चेची गरज नाही. वय मोजायचे ते या तारखेपासून; गाडी विकत घेतल्याच्या किंवा टायर बसवल्याच्या तारखेपासून नव्हे. दुकानाच्या मांडणीवर दोन वर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर घेणारा गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजतो आणि त्याच्या उपयुक्त आयुष्याचा चौथा हिस्सा आधीच गमावून बसतो, कारण त्याच्या टायरचे आयुष्य मैलांत मोजले जात नाही. म्हणून पैसे ठरवण्याआधी ‘माल कोणत्या आठवड्याचा आहे’ हे विचारणे आणि सहाच्या सहा टायर सहा महिन्यांच्या आतले मागणे, यात काही वावगे नाही. दुकानदार यासाठी कपाळाला आठ्या घालत असेल तर दुसरे दुकान पाहावे.

किती वर्षांनी टायर बदलावा याचे एकच उत्तर नाही. मिशलिन कंपनीचा सल्ला असा की पाच वर्षे वापरल्यावर दर वर्षी जाणकाराकडून टायरची तपासणी करून घ्यावी आणि उत्पादनापासून दहा वर्षे झाली की कसाही दिसत असला तरी काढून टाकावा. जाणते मोटरहोमवाले दहाव्या वर्षाची वाट पाहत नाहीत, सहा-सात वर्षांनीच, निदान पुढचे दोन टायर तरी, बदलून टाकतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यातील हाइंडहेडजवळ एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जणांचा मृत्यू झाला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, म्हणजे त्या बसपेक्षाही वयाने मोठा होता, आणि नक्षीच्या मोजमापात तो नियमात बसत होता. मृतांपैकी एकाच्या आईने चिकाटीने चालवलेल्या मोहिमेनंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे ट्रक आणि बस यांच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास कायद्याने बंदी आली. अमेरिकेत मोटरहोमसाठी वयाची अशी मर्यादा संघीय कायद्यात नाही, त्यामुळे तेथे ही जबाबदारी मालकाच्या शहाणपणावर सोडलेली आहे.

दुसरा हिशेब वजनाचा. गाडी नवी असताना चालकाच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर प्रत्येक एक्सलची मर्यादा, टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. एक्सलवरच्या टायरांची एकत्रित क्षमता त्या एक्सलच्या मर्यादेइतकी तरी असली पाहिजे, असे अमेरिकेची संघीय सुरक्षा मानके सांगतात. पण तिच्यापेक्षा किती जास्त असावी हे सांगत नाहीत. म्हणून बांधणी करणाऱ्याने काटकसर केली असेल तर पहिल्या दिवसापासूनच टायरच्या क्षमतेत फारशी सवड उरत नाही. त्यात लोकांचा संसार भरला जातो. सुमारे ३८० लिटरची पाण्याची टाकी भरली की ३८० किलो वाढतात. पुस्तके, डबाबंद अन्न, हत्यारे, दोन जास्तीच्या बॅटऱ्या, फरशी बदलून बसवलेली सिरॅमिकची लादी, या सगळ्याचे वजन कोणी मोजत नाही. शिवाय ते दोन्ही बाजूंना सारखे पडत नाही. फ्रीज आणि बाहेर सरकणारी जड भिंत एकाच बाजूला असली तर गाडी त्या बाजूला दबते, आणि त्या बाजूचा पुढचा टायर सगळ्यांत जास्त भार वाहतो.

यावर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे गाडी प्रवासाला निघते तशी, पाणी, इंधन, माणसे आणि सामान यांसह वजनकाट्यावर नेणे. अमेरिकेत ट्रकथांब्यांवर ‘कॅट स्केल’ या कंपनीचे काटे सर्वत्र आहेत. १९७७ मध्ये सुरू झालेली ही सेवा ट्रकवाल्यांसाठी असली तरी मोटरहोमवाल्यांनाही ती काही डॉलरांत प्रत्येक एक्सलचे वजन सांगते. परंतु एक्सलचे वजन ही अर्धीच माहिती होय. प्रत्येक चाकाखाली स्वतंत्र तराजू ठेवून चारही कोपऱ्यांचे वजन घेणे अधिक खरे, आणि मोटरहोमवाल्यांच्या मेळाव्यांत अशी सोय केली जाते. उदाहरणादाखल एका गाडीच्या पुढच्या एक्सलवर ६,३०० किलो भरले असे समजू. दोन चाकांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ३,१५० किलो येतात आणि सगळे ठीक वाटते. कोपऱ्याचा तराजू मात्र डाव्या चाकाखाली ३,४५० आणि उजव्या चाकाखाली २,८५० दाखवतो. आता टायरवरचे आकडे पाहावे. २९५/८० आर २२.५ मापाच्या एका प्रचलित टायरवर ‘१५२/१४८’ असा भारांक असतो. त्यातला पहिला आकडा टायर एकटा बसवल्यावरचा आणि दुसरा जोडीने बसवल्यावरचा. प्रमाणित कोष्टकात १५२ म्हणजे ३,५५० किलो आणि १४८ म्हणजे ३,१५० किलो. म्हणजे डावा पुढचा टायर मर्यादेपासून जेमतेम शंभर किलो अलीकडे उभा आहे. पाण्याचे दोन पिंप आणि एक धडधाकट पाहुणा त्या बाजूला चढला की सवड संपली. त्याच गाडीच्या मागच्या एक्सलवर ९,४०० किलो असतील, तर चार टायरांत सरासरी २,३५० किलो पडतात आणि तेथे ऐसपैस जागा आहे. मागच्या चार टायरांचा थाट मोठा, पण मोठ्या मोटरहोमची खरी परीक्षा पुष्कळदा पुढच्या दोनच टायरांत होते, आणि सुकाणूही त्यांच्याच हाती असते.

जोडीने बसवल्यावर टायरची क्षमता कमी का धरतात, याचे कारण सरळ आहे. रस्ता मध्यभागी किंचित उंच असतो, जोडीतल्या दोन टायरांच्या हवेत आणि व्यासात थोडा फरक असतोच, त्यामुळे भार दोघांत नेमका निम्मा-निम्मा कधीच वाटला जात नाही. भारांकाशेजारी जी, एच, जे, एल यांपैकी एक अक्षर असते, तो भारवर्ग. त्याच्यासोबत ‘१४ प्लाय’, ‘१६ प्लाय’, ‘१८ प्लाय’, ‘२० प्लाय’ असेही म्हटले जाते. सुती धाग्याचे थर एकावर एक चिकटवून टायर करत असत त्या काळाचा हा अवशेष आहे. आजच्या पोलादी टायरच्या अंगात बहुधा पोलादी तारांचा एकच थर असतो, आणि सोळा हा आकडा केवळ ताकदीची तुलना सांगतो. जुना टायर ‘एच’ वर्गाचा होता तर नवा ‘जी’ घेऊन कधीही खाली उतरू नये. वर चढताना मात्र एक अडचण येते: जास्त क्षमता हवेच्या जास्त दाबातूनच मिळते, आणि तो दाब रिमला झेपतो की नाही हे रिमवर कोरलेल्या मर्यादेतच पाहावे लागते.

भार टायरचे रबर पेलत नाही, टायरमधली हवा पेलते. म्हणून प्रत्येक उत्पादक आपल्या टायरसाठी भार आणि दाब यांचे कोष्टक प्रसिद्ध करतो, आणि अमेरिकेत हे मोजमाप टायर अँड रिम असोसिएशनच्या प्रमाणांना धरून असते. कोपऱ्यांच्या वजनातून एक्सलच्या जड बाजूचा आकडा घ्यावा, कोष्टकात त्याला लागणारा दाब पाहावा, आणि तोच दाब त्या एक्सलच्या सर्व टायरांत भरावा. हलक्या बाजूला कमी हवा भरण्याचा मोह टाळावा. ट्रकच्या टायरवर छापलेला दाब हा सर्वाधिक भार उचलण्यासाठी लागणारा किमान थंड दाब असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘थंड’ म्हणजे गाडी काही तास उभी असताना, उन्हाने टायर तापण्यापूर्वी घेतलेला दाब. चालून गरम झालेल्या टायरमधून ‘दाब वाढला’ म्हणून हवा सोडणे ही घोडचूक ठरते. अ‍ॅरिझोनात सकाळी २५ अंश सेल्सिअसला १०० पीएसआय भरलेला टायर कोलोराडोच्या डोंगरात ५ अंशांच्या पहाटे सुमारे ९२ दाखवतो, आणि त्यात टायरचा दोष नसतो. हिवाळ्यात कॅनडातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या आणि वसंतात परतणाऱ्या मंडळींना म्हणूनच प्रवासाच्या दोन्ही टोकांना हवा पाहावी लागते.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात रबर वाकते आणि सरळ होते, वाकवताना खर्च झालेली सगळी ऊर्जा सरळ होताना परत मिळत नाही, आणि उरलेली उष्णता बनून पोलादी पट्ट्यांच्या कडांजवळ साठते. वेग वाढला की हे वाकणे मिनिटाला अधिक वेळा घडते. येथे तिसरा हिशेब सुरू होतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या न्यायालयांच्या दप्तरात आहे. गुडइयर कंपनीचा ‘जी१५९’ नावाचा २७५/७० आर २२.५ मापाचा टायर शहरातल्या मालवाहू गाड्यांसाठी घडवला होता, पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो मोटरहोमनाही बसवला गेला. शहरी गाडी थांबत-थांबत फिरते. मोटरहोम पूर्ण भारात, भर उन्हात, तासन्‌तास महामार्गावर धावते. टायर फुटल्याचे दावे सुरू झाले. २००३ मध्ये एका कुटुंबाचे मोटरहोम रस्ता सोडून उलटले, आणि त्या दाव्यात मागितलेले चाचणीचे निकाल कंपनीने दिले नाहीत. ताशी ५५ ते ६५ मैल वेगाने हा टायर वाजवीपेक्षा जास्त तापतो असे त्या निकालांतून दिसत होते. खालच्या न्यायालयाने या दडपणुकीबद्दल कंपनीवर २७ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम ठरवण्याची पद्धत चुकीची ठरवून प्रकरण परत पाठवले, पण चाचणीचा तपशील तोवर जगजाहीर झाला होता. इतर दाव्यांतील कागदपत्रे तडजोडी आणि गोपनीयतेचे आदेश यांमुळे वर्षानुवर्षे बंद राहिली होती. संघीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१७ च्या अखेरीस चौकशी सुरू केली, आणि जून २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १,७३,००० टायर परत मागवले, तेही दोष मान्य न करता आणि उत्पादन २००३ मध्येच थांबलेले असताना. एवढ्या वर्षांनी त्यांतले किती रस्त्यावर उरले असतील, हा प्रश्न वाचकाने स्वतःलाच विचारावा. या प्रकरणातून निघणारा धडा गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे: माप जुळले, भारांक जुळला, तरी तो टायर कोणत्या कामासाठी घडवला आहे हे उत्पादकाच्या तांत्रिक पुस्तिकेत पाहिल्याशिवाय घेऊ नये.

भारांकाला लागून असणारे एक अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटर, ‘के’ म्हणजे ११०, ‘एल’ म्हणजे १२०, ‘एम’ म्हणजे १३०. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सुमारे ७५ मैल. टेक्सासमधील एका टोल रस्त्यावर ८५ मैलांची परवानगी आहे, आणि रस्त्याने परवानगी दिली तरी टायर ती देत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

मापाबद्दल थोडक्यात सांगता येईल. २९५/८० आर २२.५ यात २९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, ‘आर’ म्हणजे त्रिज्यीय रचना आणि २२.५ हा रिमचा इंचांतला व्यास. जास्त भार पेलावा म्हणून २७५/८० च्या जागी २९५/८० घेण्याचा विचार केल्यास व्यास साधारण १,०१२ मिलिमीटरवरून १,०४४ मिलिमीटर होतो, म्हणजे वेगदर्शक सुमारे तीन टक्के कमी वेग दाखवू लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या जोडीतल्या दोन टायरांमधले अंतर घटते. भाराखाली फुगलेल्या बाजू एकमेकींना घासल्या तर दोन्ही टायर तापून वाया जातात. म्हणून रिमची रुंदी, जोडीतले किमान अंतर आणि चाकाच्या खोबणीतली मोकळी जागा मोजल्याशिवाय मोठे माप घेऊ नये.

नक्षीच्या बाबतीत मोटरहोमवाल्यांना निवड कठीण नसते. सरळ उभ्या पट्ट्यांची, सर्व चाकांवर चालणारी नक्षी पुढे-मागे सारखी बसवली तर आवाज कमी आणि वळणावर ताबा चांगला. मागच्या चाकांसाठी मिळणारी जाड ठोकळ्यांची नक्षी चिखलात आणि बर्फात काम करते, पण डांबरी रस्त्यावर घरघरते. लांब पल्ल्याचे इंधनबचत करणारे टायर आणि प्रादेशिक फेऱ्यांचे जाड बाजूचे टायर यांतून निवडताना, वारंवार फुटपाथाच्या कडा आणि खडबडीत मुक्काम गाठणाऱ्याने दुसरा प्रकार घ्यावा. मिशलिन, गुडइयर, टोयो, ब्रिजस्टोन, काँटिनेंटल, हँकूक यांचे पर्याय मिळतात आणि काही टायर खास मोटरहोमसाठी, जास्त ओझोनरोधकासह, बनवले जातात. नाममुद्रांवर मेळाव्यांत रात्र-रात्र वाद झडतात. परंतु सहा-सात वर्षांनी टायर कसाही बदलायचाच असेल, तर दोन लाख मैलांची नक्षी विकत घेण्यात हशील काय? या गिऱ्हाइकाने किंमत मैलामागे न मोजता वर्षामागे मोजली पाहिजे, आणि त्या मोजणीत पुष्कळदा मधल्या किमतीचा, पण ताज्या तारखेचा टायर सरस ठरतो. १९६३ च्या जुलैमधील खग्रास सूर्यग्रहण पाहायला मेन राज्यात हिंकली येथे जमलेल्या मोटरहोमवाल्यांनी स्थापन केलेली फॅमिली मोटर कोच असोसिएशन आपल्या सभासदांना काही कंपन्यांचे टायर सवलतीत मिळवून देते, हीही हिशेबात घेण्यासारखी गोष्ट आहे. रिमोल्ड केलेले टायर स्वस्त पडतात. बसच्या पुढच्या चाकांवर त्यांना अमेरिकेत मज्जाव आहे, आणि मोटरहोमच्या पुढच्या चाकांवरही ते बसवू नयेत.

पुढचा टायर भर वेगात फुटला तर गाडी फुटलेल्या बाजूला जोराने ओढली जाते, आणि ब्रेक दाबल्याने ती ओढ वाढते. मिशलिनने यावर काढलेल्या ‘द क्रिटिकल फॅक्टर’ या प्रशिक्षणपटातला उपदेश चालकाच्या उपजत प्रवृत्तीविरुद्ध आहे: ब्रेकवर पाय जाऊ न देता क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, गाडी सरळ धरावी आणि मग हळूहळू वेग उतरू द्यावा. मागच्या जोडीत वेगळाच धोका असतो, कारण आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून काही कळत नाही. दुसरा टायर दुप्पट भार उचलतो आणि तापत जातो. हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा अमेरिकेत १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांनाच सक्तीची आहे. मोठे मोटरहोम या नियमाबाहेर पडते, म्हणून नवे टायर बसवतानाच व्हॉल्व्हवर संवेदक लावून घ्यावेत आणि व्हॉल्व्ह व त्यांच्या लांब नळ्याही नव्याच टाकाव्यात. सहा टायर बदलून जुना रबरी व्हॉल्व्ह ठेवणे म्हणजे खिळ्यासाठी घोडा गमावणे होय.

टायर कुठून घ्यावेत याची निवड फारशी नसते, कारण मोटारीच्या टायरच्या दुकानात अशी गाडी आतच जात नाही. ट्रकच्या टायरचा व्यापारी किंवा जागेवर येऊन काम करणारी फिरती गाडी, हेच दोन पर्याय. पुष्कळ मोठ्या मोटरहोममध्ये स्टेपनी दिलेलीच नसते, कारण ते अवजड चाक रस्त्याच्या कडेला बदलणे एकट्यादुकट्याचे काम नाही. म्हणून माप ठरवताना ते वाटेत सहज मिळेल का, तेही पाहावे लागते: अमेरिकन ट्रकांना ११ आर २२.५ आणि २९५/७५ आर २२.५ ही मापे सर्रास लागतात, तर २९५/८० किंवा ३१५/८० तेथे रात्री-अपरात्री मिळेलच असे नाही. पल्ला लांबचा असेल तर काहीजण रिमविना एक टायर सामानकक्षात ठेवतात; त्याचेही वजन कोपऱ्याच्या हिशेबात धरावे.

टायर बसवून झाल्यावर चाकांचे नट ठरलेल्या जोराने आवळलेले असले तरी ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. मुक्कामात गाडी ओल्या किंवा खडीच्या जमिनीवर असेल तर टायरखाली फळी द्यावी, पण ती एवढी लांब-रुंद असावी की टायरचा कोणताही भाग कडेबाहेर लोंबू नये, आणि मागच्या जोडीत दोन्ही टायर तिच्यावर टेकलेले असावेत. उन्हापासून बचावाला पांढरी आच्छादने मिळतात. बसवण्याच्या वेळी मालकाने तेथे उभे राहून एक गोष्ट मात्र हट्टाने करून घ्यावी. आठवडा आणि वर्ष सांगणारी पूर्ण ओळ अशा टायरच्या एकाच बाजूला असते. कारागिराला घाई असेल तर ती आतल्या बाजूला जाते, आणि मग तारीख पाहण्यासाठी दर वेळी बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटत जावे लागते. पुढच्या दोन आणि मागच्या बाहेरच्या दोन टायरांची ती ओळ बाहेर वाचता येईल अशी, आणि आतल्या दोघांची गाडीखालून दिसेल अशी बसवायला सांगितले, तर कारागीर फारशी कुरकुर न करता तसे बसवून देतो.